माळ्यावरचा व्हॉल्व्हचा रेडिओ

दिवाळीची झाडलोट आली की माळ्यावरचा मोठा रेडिओ खाली उतरतो आणि घरात प्रश्न पडतो, भंगारात द्यावा का? भगिनींनो, घाई नको. आणि ‘बघू या लागतो का’ म्हणून त्याचा प्लग तर मुळीच लावू नका! वीस-तीस वर्षे निजलेल्या सेटला एकदम २३० व्होल्ट दिले तर आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. कंडेन्सर थोडक्या पैशांत मिळतो, पण जळालेल्या ट्रान्सफॉर्मरचे वाइंडिंग नव्याने करून घ्यावे लागते.

आपल्या हातचे काम म्हणजे सफाई. प्लग काढलेला असला तरी मोठ्या कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. म्हणून नुकताच चालवलेला सेट उघडू नये, आणि खालच्या बाजूच्या तारांत बोट कधीच घालू नये. कोरड्या मऊ ब्रशने वरवरची धूळ, कोळिष्टके काढावी. व्हॉल्व्ह ओल्या फडक्याने पुसू नका हं, काचेवरचा नंबर चटकन पुसला जातो आणि मग नवा आणताना पंचाईत. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या खाचेत होता त्याचे चित्र आधीच काढून ठेवावे. व्हॉल्व्हच्या काचेला आतून आरशासारखा चकचकीत डाग असतो. तो दुधासारखा पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह गेला. एवढी परीक्षा आपल्यालाही करता येते.

पुढचे काम जाणत्या कारागिराचे. मात्र त्याच्याकडे जाताना आपल्याला काय हवे ते ठाऊक असावे. मेण लावलेले कागदी कंडेन्सर जुने झाले की त्यांतून वीज पाझरते, आवाज फाटतो आणि शेवटचा व्हॉल्व्ह नको इतका तापतो. ते सगळे बदलून पॉलिएस्टरचे घालायला सांगावे. सतत घूंऽऽ असा आवाज येत असेल तर मोठे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकलेले असतात. नवे घेताना व्होल्टचा आकडा जुन्यापेक्षा कमी नसावा. पहिल्यांदा सेट लावताना साठ वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये जोडतात (एलईडी चालत नाही). बल्ब क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक. लखलखीत राहिला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, लगेच बंद करावे.

‘आत ब्लूटूथ बसवून देतो’ असे कुणी म्हटले तर माझ्या मते सरळ नकार द्यावा. मग उरते ती नुसती पेटी! पण अपेक्षाही बेताच्या ठेवाव्या. एफ. एम. बहुतेक सेटमध्ये नसतेच, आणि शॉर्टवेव्हवर पूर्वीची गर्दी नाही. बीबीसीची हिंदी सेवाही तिथून २०२०च्या जानेवारीत बंद झाली.

एक गोष्ट मात्र कारागिराला आवर्जून विचारा: सेट एसी-डीसी आहे का? अशा सेटमध्ये मेनचा ट्रान्सफॉर्मर नसतो, आतला पत्रा थेट विजेच्या एका तारेला जोडलेला असतो. बटण हरवून नुसती लोखंडी दांडी बाहेर आली असेल, तर तिला हात लावणाऱ्या मुलाला जिवावरचा झटका बसू शकतो. बटणे आणि मागचा पुठ्ठा पुरा झाल्याशिवाय असा सेट घरात लावू देऊ नका.

दुरुस्त होऊन आला की भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा. क्रोशाचा रुमाल हौसेने घालाल, पण तो मागच्या भोकांवर लोंबू देऊ नका. आणि वर फुलदाणी नकोच, पाणी सांडते.