शेतात साचलेले पाणी आणि विम्याचा हप्ता

सोयाबीनची सुडी लागली आणि कपाशीची पहिली वेचणी घरात आली म्हणजे आपल्या जिल्ह्यात जेथे चार कास्तकार एकत्र बसतात तेथे एकच प्रश्न निघतो, यंदा विम्याचे किती आले? शेजाऱ्यास मिळाले व आपणास मिळाले नाहीत अशी तक्रार होते, कंपनीस व सरकारास चार शब्द सुनावले जातात, आणि मंडळी उठतात. परंतु विम्याचा पैसा येतो कोठून, हप्ता ठरतो कशावरून, आणि शेतात साचलेल्या पाण्याबद्दल आपण जे दावे करतो त्यांचा पुढील सालच्या विम्यावर काय परिणाम होतो, याचा विचार क्वचितच होतो. तो विचार करणे आता अगत्याचे झाले आहे. कारण तो वेळीच न केल्यामुळे पाण्याच्या नुकसानीचे संरक्षण आपण एकदा गमावून बसलो आहोत.

विमा म्हणजे दान नव्हे, आणि तगाईही नव्हे. पुष्कळांनी थोडथोडे घालून भरलेली ती एक कणगी आहे. ज्या वर्षी ज्याचे नुकसान होईल त्याने त्या वर्षी तीतून न्यावे, हा तिचा नियम. कणगीतून जितके धान्य बाहेर जाईल तितके, शिवाय राखणदाराची मजुरी, कोणी ना कोणी पुन्हा आत घातलेच पाहिजे. म्हणून विमा कंपनी हप्त्याचा दर ठरविताना त्या भागात मागील सालांत किती भरपाई द्यावी लागली हे प्रथम पाहते. मागील नुकसान मोठे, तर पुढील हप्ता मोठा. यात कंपनीचा चांगुलपणा अथवा दुष्टपणा फारसा येत नाही. हा केवळ हिशेब आहे.

हा हिशेब घरांच्या विम्यात अधिक उघडा दिसतो. घरात पाणी शिरल्याचा दावा एकदा झाला की पाश्चात्त्य देशांतील कंपन्या त्या घराचा हप्ता बहुधा वाढवितात. अमेरिकेत तर घराच्या सर्वसाधारण विम्यातून पुराचे नुकसान वगळलेलेच असते. सबब तेथील सरकारने 1968 साली पुराच्या विम्याची स्वतंत्र योजना काढली व पुष्कळ घरांस हप्ते खऱ्या धोक्यापेक्षा कमी ठेवले. परिणाम असा झाला की नदीकाठची तीच ती घरे पुनःपुन्हा बुडत, पुनःपुन्हा भरपाई घेत आणि त्याच जागी पुन्हा उभी राहत. योजना कर्जात बुडाली, आणि 2017 साली तिचे 16 अब्ज डॉलरांचे कर्ज माफ करावे लागले. पुढे ऑक्टोबर 2021 पासून घर पाण्याच्या किती जवळ आहे व किती उंचीवर आहे हे पाहून हप्ता आकारण्यास आरंभ झाला. श्रीमंत देशासही खरा हप्ता झाकून ठेवणे परवडले नाही, हे यातून घ्यावयाचे.

आता आपल्या पीक विम्याकडे वळू. पंतप्रधान पीक विमा योजना 2016 च्या खरिपात सुरू झाली. तीत शेतकऱ्याचा वाटा खरीप पिकांस विमा रकमेच्या शेकडा 2, रब्बीस दीड आणि कपाशीसारख्या नगदी पिकांस 5 इतकाच ठेवला होता. खरा हप्ता त्याहून जितका अधिक होईल तितका भार केंद्र व राज्य सरकारांनी उचलावयाचा. म्हणजे दावे वाढून हप्ता चढला, तरी त्याची झळ कास्तकाराच्या कनवटीस लागत नव्हती. पुढे 2023 च्या खरिपापासून आपल्या राज्याने तोही वाटा स्वतःवर घेऊन विमा एका रुपयात दिला. हेतू चांगला होता. परंतु एका रुपयात मिळणाऱ्या वस्तूची खरी किंमत कोणी विचारीत नाही, आणि तिची राखणही कोणी करीत नाही. देवस्थानांच्या, सरकारी व इतरांच्या जमिनींवरही अर्ज भरले गेले. 2024 च्या हंगामात चार लाखांहून अधिक अर्ज खोटे आढळल्याचे शासनानेच सांगितले. त्या खोट्या अर्जांचा डाग खऱ्या कास्तकारांवरही पडला.

शेवटी मे 2025 मध्ये राज्य सरकारने एक रुपयाची योजना बंद केली. शेतकऱ्याचा वाटा पुन्हा लागू झाला, आणि त्याबरोबरच 2025 च्या खरिपापासून स्थानिक आपत्ती, हंगामातील प्रतिकूल परिस्थिती, पेरणी न होणे व काढणीनंतरचे नुकसान ही चारही संरक्षणे काढून टाकून भरपाई केवळ पीक कापणी प्रयोगावर ठेवण्यात आली. शेतात पाणी साचले की 72 तासांच्या आत सूचना द्यावी व पाहणी होऊन भरपाई मिळावी, हे कलम त्यात गेले. जून 2025 च्या अखेरीस मेहकर व लोणार तालुक्यांत पाऊस कोसळून पैनगंगेने काठची शेते खरवडून नेली, तो हाच हंगाम. कोठे विमा महागतो. आपल्याकडे पांघरूणच आखूड झाले, आणि पाय नेमके पाण्याकडचे उघडे पडले.

कोणी म्हणेल की पीक कापणी प्रयोगावर भरपाई मिळतेच, मग गेले काय? याचे उत्तर एका उदाहरणाने देतो. भरपाई ठरते ती ‘उंबरठा उत्पन्ना’वरून. मागील सात सालांपैकी उत्तम पाच सालांची सरासरी काढावयाची व तिच्या शेकडा 70 हा उंबरठा धरावयाचा. समजा, एखाद्या महसूल मंडळात सोयाबीनचे हेक्टरी उत्पन्न सात सालांत अनुक्रमे 14, 12, 13, 5, 11, 6 व 10 क्विंटल झाले. उत्तम पाचांची सरासरी 12, म्हणून उंबरठा 8.4 क्विंटल. आठव्या साली पाण्याने पीक जाऊन उत्पन्न 6.3 वर आले, तर तूट चौथाईची झाली. विमा रक्कम हेक्टरी 50,000 धरल्यास 12,500 रुपये मिळतील. नवव्या साली पुन्हा तसेच पाणी साचून उत्पन्न पुन्हा 6.3 च झाले असे धरा. आता पहिले 14 क्विंटलांचे साल हिशेबातून गळाले व बुडीत साल आत आले. सात सालांत वाईट साले दोन असतील तर ती वगळली जातात, तिसरे मात्र सरासरीत शिरते. सरासरी 10.46, उंबरठा सुमारे 7.32, आणि भरपाई अवघी 7,000 रुपयांच्या आसपास. नुकसान तेच, भरपाई जवळपास निम्मी. जेथे पाणी वारंवार साचते तेथे विमा असा आपोआप झिजत जातो.

शिवाय हे माप सबंध मंडळाचे असते. मंडळात माळरानाची शेते चांगली पिकली तर नाल्याकाठच्या कास्तकाराचे बुडालेले सोयाबीन सरासरीत दिसतच नाही. त्याच्यासाठीच स्थानिक आपत्तीचे कलम होते.

या प्रकरणी सर्व दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पाहणीस माणूस उशिरा येतो, तोवर पाणी ओसरून जाते. एकाच बांधाच्या दोन बाजूंस दोन निराळे अंदाज लिहिले जातात. भरपाई पुढचा हंगाम लागला तरी येत नाही. या तक्रारी खऱ्या आहेत व त्या मांडल्याच पाहिजेत. परंतु आपल्या पदरातील चूकही पदराआड ठेवता येत नाही.

प्रस्तुत लेखकाची घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात जमीन आहे. ती खोल काळी व चिबड असून एकदा पाणी धरले की आठवडाभर वाफसा येत नाही. जुलै 2023 मध्ये जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत अतिवृष्टी झाली त्या सुमारास नाल्यालगतचा आमचा दोन एकरांचा तुकडा पाण्याखाली गेला. आम्ही मुदतीत सूचना दिली, पाहणी झाली व भरपाई मिळाली. पाहणीस आलेल्या तरुणाने जाता जाता विचारले, ‘काका, हा चर कधीपासून बुजलेला आहे?’ आमच्याजवळ उत्तर नव्हते. वडिलांच्या वेळी तो चर दर वैशाखात उपसला जाई. आम्ही तो चार साले हातात फावडे घेऊन पाहिलाही नव्हता. पावसाने केलेले नुकसान किती आणि आमच्या आळसाने केलेले किती, हे त्या पंचनाम्यात कोठेच लिहिलेले नव्हते. पण त्याचा भार कणगीवर पडलाच. पुढील उन्हाळ्यात दोन दिवसांच्या मजुरीत चर मोकळा केला, आणि त्यानंतर त्या तुकड्यात पाणी एका दिवसाहून अधिक थांबलेले नाही.

यावरून आमचे मत असे झाले आहे की, कास्तकारांनी फुकट विमा परत मागू नये. खरा विमा मागावा, व त्याचा वाजवी हप्ता देण्यास तयार असावे. केंद्राच्या योजनेत पाणी साचण्याचे संरक्षण जादा कलम म्हणून राज्यास घेता येते. नोव्हेंबर 2025 मध्ये केंद्र सरकारने भातशेती पाण्याखाली जाण्याचे व वन्य प्राण्यांच्या उपद्रवाचे संरक्षणही 2026 च्या खरिपापासून योजनेत घेण्याचे जाहीर केले. मग आमच्या सोयाबीन-कपाशीसाठी राज्याने हे कलम स्वीकारावे, ही मागणी गैरवाजवी नाही. ऑक्टोबर 2025 मध्ये शासनाने 31,628 कोटी रुपयांची मदत जाहीर केली, तिचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. परंतु मदत ही देणाराच्या इच्छेवर असते आणि विमा हा घेणाराचा हक्क असतो.

मात्र हे कलम ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडल्यास केवळ सखल शेतांचे मालक ते घेतील, दावे शेकड्याने येतील आणि दोन सालांत हप्ता कोणास झेपणार नाही. म्हणून ते सबंध गावाने मिळून घ्यावे. सेवा सहकारी सोसायट्यांनी यात पुढाकार घ्यावा. ज्या गावाने नाले व चर मोकळे केले असतील त्यास हप्त्यात सूट असावी. म्हैसूरच्या जे. एस. चक्रवर्ती यांनी 1920 सालीच पावसाच्या मापावर आधारलेल्या, एका शेतापुरत्या नव्हे तर सबंध टापूच्या विम्याची योजना पुस्तकरूपाने मांडली होती. तेव्हा मिळून विमा घेण्याची कल्पना नवीन आहे असेही नाही.

एक रुपयाची योजना बंद करताना शेतीतील भांडवली कामांवर वर्षाला 5,000 कोटी रुपये खर्च करण्याचे शासनाने ठरविले. त्या पैशातून आपल्या जिल्ह्याने प्रथम काय मागावे? आमच्या मते पूर्णेच्या खारपाण पट्ट्यातील चर, नाल्यांची खोली आणि सोयाबीनसाठी रुंद वरंबा-सरीची पेरणी यंत्रे. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठ या पद्धतीची शिफारस करीत आले आहे. सरीने जादा पाणी निघून जाते व उघडीप पडल्यास वरंब्यात ओल टिकते. ज्या शेतातून पाणी निघून गेले त्याचा दावा होत नाही, आणि न झालेल्या दाव्याचा हप्ता कोणासच भरावा लागत नाही.

वाचकांपैकी प्रत्येकाने येत्या वैशाखात आपल्या शेताचा सखल कोपरा एकदा पायी फिरून पाहावा, बुजलेला चर उपसावा, आणि गावात पीक कापणी प्रयोग होईल त्या दिवशी बांधावर हजर राहावे. त्यानंतर पाण्याच्या नुकसानीचे संरक्षण परत मागण्यास आपण गेलो, तर आपला शब्द टाळणे कोणासही अवघड जाईल.