घुमारा आणि प्रतिध्वनि : गिटारवादकानें कोणती पेटी निवडावी ?

संगीताची गोडी असलेल्या विद्यार्थिवर्गांत गिटार हें वाद्य आज फार प्रिय झालें आहे; आणि विजेच्या गिटारबरोबर पायानें दाबून चालू-बंद करावयाच्या लहान पेट्यांचा, म्हणजे पेडलांचा, मोहही ओघानेंच आला आहे. त्यांतही रिव्हर्ब म्हणजे घुमारा आणि डिले म्हणजे प्रतिध्वनि, हे दोन्ही एकत्र देणारें पेडल बहुतेकांस प्रथम हवेंसें वाटतें. ही इच्छा वावगी नाहीं. परंतु तें घेतांना साधें, थोड्या बटणांचें घ्यावें, आणि घेतल्यावरही बेतानेंच वापरावें, असें आमचें स्पष्ट मत आहे. त्याचीं कारणें विद्यार्थ्यांप्रमाणेंच त्यांच्या पालकांपुढेंही ठेवणें इष्ट वाटतें.

प्रथम या दोन नादांतील भेद ध्यानांत घ्यावा. ध्वनि हवेंतून एका सेकंदांत सुमारें ३४० मीटर जातो. समोरची भिंत १७ मीटरांवर असेल, तर आपला शब्द तेथवर जाऊन परत येण्यास एक-दशांश सेकंद लागतो, व कानाला तो निराळा ऐकूं येतो. हा प्रतिध्वनि. उलट दगडी चर्चमध्यें भिंती, फरशी व छत यांवरून असंख्य पडसाद इतके लागोपाठ येतात कीं ते एकमेकांत मिसळून जातात व मूळ नाद लांबल्याचा भास होतो. हा घुमारा.

घुमारा गोड खरा, पण तो शब्दाचा वैरीही होऊं शकतो. अमेरिकेंतील हार्वर्ड विद्यापीठांत १८९५ सालीं फॉग संग्रहालयाचें नवें व्याख्यानगृह बांधून झालें, तेव्हां तेथें उच्चारलेला शब्द सुमारें साडेपांच सेकंद रेंगाळे. एक शब्द विरण्यापूर्वीं पुढचे अनेक शब्द त्यावर येऊन आदळत. श्रोत्यांस कांहीं समजेना. प्रोफेसर वॉलेस सेबाइन यांनीं ऑर्गनची एक नळी व घड्याळ घेऊन, दुसऱ्या सभागृहांतील बैठकीच्या गाद्या आणून मांडून, किती गाद्यांनीं घुमारा किती उणा होतो तें रात्रीं जागून मोजलें. त्या श्रमांतून ध्वनिगृहरचनेचें शास्त्र उदयास आलें. त्यांतून गिटारवादकानें घ्यावयाचा धडा असा कीं घुमाऱ्याचें प्रमाण जागा पाहून व प्रसंग पाहून ठरवावें लागतें.

हे नाद कृत्रिम रीतीनें निर्माण करण्याचे प्रयत्नही जुनेच आहेत. १९६१ सालीं फेंडर कंपनीनें स्प्रिंगांच्या योगानें घुमारा देणारी स्वतंत्र पेटी काढली. १९७४ सालीं रोलंड कंपनीच्या आर-ई-२०१ या यंत्रांत फिरत्या फितीचा प्रतिध्वनि व स्प्रिंगांचा घुमारा एकत्र आले; परंतु तें चांगलेंच अवजड होतें. आज तेंच काम तळहातावर मावेल एवढी पेटी करते. अर्थक्वेकर कंपनीचें डिस्पॅच मास्टर हें अशा साध्या पेडलाचें चांगलें उदाहरण होय. त्यास चारच बटणें: प्रतिध्वनि किती वेळानें यावा, तो किती वेळां यावा, घुमारा किती असावा, आणि मूळ नादांत हें सर्व किती मिसळावें.

नवशिक्यास याहून अधिक कशास हवें ? कित्येक म्हणतील कीं तेवढ्याच पैशांत शेंकडों नाद देणारें मोठें यंत्र मिळतें. मिळतें खरें, आणि अनेक तऱ्हेचें संगीत वाजविणाऱ्या मुरलेल्या वादकास तें उपयोगीही पडतें. परंतु शिकाऊ मुलगा त्या शेंकडों नादांच्या शोधांत संध्याकाळ घालवितो, व हातांतील गिटार मुकीच राहते. चार बटणांचें पेडल आठवडाभरांत समजतें; आणि प्रत्येक बटणानें नादांत काय बदललें तें ओळखतां ओळखतां कान तयार होतो. हा लाभ यंत्राच्या किंमतीहून मोठा आहे.

खरेदीस जातांना आपलीच गिटार बरोबर न्यावी. घुमारा शून्यावर आणून नुसता प्रतिध्वनि वाजतो कीं नाहीं, व उलटही होतें कीं नाहीं, तें पाहावें. मिश्रण अगदीं थोडें ठेविलें असतां मूळ स्वर स्वच्छ राहतो ना, हें ऐकावें. पेडल बंद करतांच शेपटीचा नाद एकदम तुटतो कीं हळूहळू विरतो, हेंही तपासावें. बहुतेक पेडलांस ९ व्होल्टांचा अडॅप्टर लागतो. त्याच्या टोंकाचा मध्यभाग ऋण असावा कीं धन, व किती मिलिअँपिअर वीज हवी, हें पेडलावर वाचूनच तो जोडावा. लयीचा हिशेबही सोपा आहे. मिनिटास ८० मात्रांच्या गीतांत एक मात्रा पाऊण सेकंदाची, म्हणजे ७५० मिलिसेकंदांची होते. प्रतिध्वनि तितक्याच अंतरानें ठेविला, तर तो मात्रेवर पडतो, नाहीं तर ढोलकीशीं भांडत राहतो.

शेवटीं मुख्य गोष्ट. घुमारा चुका झांकतो. अडखळलेलें बोट, अर्धवट दाबलेली तार, चुकलेली मात्रा, सारें त्या धुक्यांत दडतें. आणि जें दडतें तें सुधारत नाहीं. म्हणून रोजचा अभ्यास पेडल बंद ठेवूनच करावा, आणि पालकांनींही गीत स्वच्छ वाजूं लागल्यावरच ही पेटी घेऊन द्यावी. दगडी चर्चमध्यें उपासनेच्या वेळीं तर घुमारा जवळजवळ शून्यावरच असावा. तो तेथें भिंतींनींच दिलेला असतो. पडदे-गालिच्यांच्या लहान खोलींत मात्र थोडा जरूर घ्यावा. अति तेथें माती, ही म्हण येथेंही खरी आहे. मंडळी ज्या गीताच्या शब्दांनीं प्रार्थना करीत असतात, ते शब्द मागल्या बांकावरील म्हाताऱ्या माणसासही स्पष्ट ऐकूं आले पाहिजेत. ज्या वादकाला हें भान आहे, त्याच्या हातीं साधी पेटीही शोभते.