खेळाचे तास आणि खेळावरचा ताबा

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी आणली. ई-स्पोर्ट्स आणि निव्वळ करमणुकीच्या खेळांना मात्र मान्यता दिली. असे खेळ चालवणाऱ्यांना तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. बीजीएमआय, फ्री फायर मॅक्स, लुडो किंग, माइनक्राफ्ट हे खेळ पूर्वीसारखेच सुरू आहेत. त्यामुळे घरोघरी पडणारा प्रश्न कायम आहे: मुलगा रोज मोबाइलवर खेळतो, याला व्यसन म्हणायचे का?

जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू केलेल्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. त्याच्या तीन खुणा सांगितल्या आहेत. खेळणे कधी सुरू करायचे, कधी थांबवायचे यावर ताबा राहत नाही. बाकीच्या आवडी आणि रोजची कामे मागे पडून खेळ पुढे येतो. नुकसान दिसत असूनही खेळ सुरूच राहतो किंवा वाढतो. हे सारे साधारण वर्षभर टिकले आणि त्याने शिक्षण, काम, नाती यांची घडी विस्कटली, तरच आजार म्हणतात. या व्याख्येत तासांचा आकडा नाही.

रविवारी तीन तास खेळून हाक मारल्यावर जेवायला येणारा, संध्याकाळी मैदानावर जाणारा मुलगा आजारी नाही. रोज दीडच तास, पण मध्यरात्री पांघरुणाखाली लपून खेळणारा, त्यासाठी खोटे बोलणारा, शाळेत पेंगणारा मुलगा काळजीचा आहे. घड्याळ पाहणाऱ्या पालकांचा राग नेमका पहिल्यावर निघतो आणि दुसरा नजरेतून सुटतो.

संशोधनही याच दिशेने बोट दाखवते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२२ मध्ये सुमारे ३९ हजार खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. खेळण्याच्या वेळेची माहिती त्यांनी खेळाडूंना न विचारता थेट कंपन्यांकडून घेतली. खेळण्याच्या वेळेचा मनःस्वास्थ्यावर जवळपास काहीच परिणाम आढळला नाही. फरक दिसला तो ‘खेळावेसे वाटते’ आणि ‘खेळल्यावाचून राहवत नाही’ यांत. करोनाकाळात जपानमध्ये गेमिंग कन्सोलचा तुटवडा होता, म्हणून दुकाने सोडत काढून ते विकत. सोडत लागलेल्या आणि न लागलेल्या लोकांची तुलना केली, तेव्हा कन्सोल मिळालेल्यांचे मनःस्वास्थ्य थोडे बरे निघाले. दिवसाला तीन तासांपलीकडे मात्र हा फायदा ओसरत गेला.

वेळेचे कायदेही फारसे कामी आलेले नाहीत. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्री ते सकाळी सहा ऑनलाइन खेळण्यास मनाई केली होती. २०२२ च्या सुरुवातीला तो नियम मागे घेतला गेला.

याचा अर्थ सगळेच खेळ निरुपद्रवी असा नाही. पाहायला हवी ती खेळाची रचना. रोज हजेरी लावल्यावर मिळणारे बक्षीस, एक दिवस चुकला की तुटणारी साखळी, पैसे मोजून उघडायची आणि आत काय निघेल हे ठाऊक नसलेली पेटी, हे सारे पुन्हा पुन्हा ओढण्यासाठीच असते. बक्षीस केव्हा मिळेल याचा नेम नसला की सवय अधिक घट्ट होते. जुगाराची ताकद तीच. बेल्जियमने २०१८ मध्ये अशा काही पेट्यांना जुगारच ठरवले. पैसे जिंकण्याचे आमिष नसलेल्या करमणुकीच्या खेळांतही ही युक्ती आढळते.

म्हणून पालकांनी ‘किती वेळ?’ याआधी ‘कोणता खेळ आणि कोणाबरोबर?’ हे विचारावे. मूल खेळत असताना अर्धा तास शेजारी बसले तरी पुष्कळ कळते. यूपीआय आणि कार्ड खेळाला जोडलेले ठेवू नये. सुरू असलेला डाव अर्ध्यावर तोडायला लावला की भांडण होते. ‘हा डाव संपला की बंद’ हा करार टिकतो. रात्री मोबाइल झोपायच्या खोलीबाहेर राहावा, कारण किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते आणि खेळाच्या नादात पहिला बळी तिचाच जातो. हा नियम घरातल्या मोठ्यांनीही पाळावा.

ताबा सुटलेला दिसला तर मोबाइल हिसकावणे हा उपचार नव्हे. अतिखेळामागे अनेकदा नैराश्य, परीक्षेची धास्ती, शाळेतला छळ किंवा एकाग्रतेचा विकार असतो. तो तपासावा लागतो. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये २०१४ पासून यासाठी स्वतंत्र क्लिनिक चालते. ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो, मराठीतूनही. कायद्याने पैशांचे डाव बंद केले. उरलेल्या खेळांवर मुलाचा ताबा आहे की नाही, हे घरच्यांनाच सर्वांत आधी कळू शकते.