‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न अपुरा आहे

तंबाखूविरोधी प्रचारात आपण आजही धूम्रपानाच्याच दुष्परिणामांवर अधिक भर देतो. संगमेश्वर तालुक्यात चिकित्सा करणाऱ्याला हा भर चुकीच्या जागी पडल्याचे लवकरच कळून येते. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रात धूम्रपान करणारे ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखू सेवन करणारे २४.४ टक्के प्रौढ आढळले. आपल्या भागातील स्त्रियांच्या बाबतीत ही धूरविरहित तंबाखू म्हणजे बहुधा मशेरी. तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली ही पूड दात घासण्याच्या निमित्ताने सकाळी तोंडात जाते आणि मग जेवणानंतर, तिसऱ्या प्रहरी, निजण्यापूर्वी पुन्हापुन्हा जात राहते. लावणारी तिला व्यसन मानीत नाही. ‘तंबाखू खाता का?’ असे विचारल्यास ती अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते.

या ‘नाही’वर मीही विसंबलो होतो. मलबद्धतेची तक्रार घेऊन येणाऱ्या एका वृद्धेला मी जवळजवळ दोन वर्षे कधी हरीतकी, कधी एरंडस्नेह असे कल्प बदलून देत होतो. एके दिवशी तिची सून सहज म्हणाली, “मशेरी लावल्याबिगर त्यांचा पोट साफ होत नाय.” निकोटीन आतड्यांची गती वाढविते, त्यामुळे कोठ्याला त्याची सवय जडते, मी उपचार करीत होतो तो या सवयीवर. त्या दिवशी प्रथमच खालचा ओठ उलटून पाहिला, तर हिरडीलगत पांढरा, खरखरीत डाग. तपासणीत तो कर्करोगाचा निघाला नाही, हे तिचे दैव. दोन वर्षे जिव्हापरीक्षण करूनही ओठाच्या आत न पाहणारा वैद्य मी होतो.

या विषयात आपल्या शास्त्राच्या नावावर एक ऋणही आहे. चरकोक्त धूमपानात हरेणुका, प्रियंगू आदी द्रव्ये आहेत, तंबाखू नाही. ती पोर्तुगीजांबरोबर या देशात आली आणि आपल्या ग्रंथांत योगरत्नाकरासारख्या उत्तरकालीन ग्रंथातच भेटते. तरीही तंबाखूयुक्त दंतमंजने आयुर्वेदीय औषध म्हणून परवाने घेऊन विकली जात होती. १९९२ मध्ये केंद्र शासनाने त्यांवर बंदी घातली व १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ग्राह्य धरली. हे पाऊल आपल्या संघटनांनी शासनाच्या आधी उचलावयास हवे होते, असे मला वाटते. घरच्या तव्यावरील मशेरीला अर्थातच ती बंदी लागू होत नाही. औषधालयचालकांना एक विनंती : ‘वनौषधी विडी’ तंबाखूमुक्त असली तरी तिच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड व डांबर असतेच. तिला काउंटरवर जागा देऊ नये.

अहितकर सवय एकदम न तोडता चतुर्थांशाने सोडावी आणि तेवढ्याच अंशाने हितकर गोष्ट तिच्या जागी आणावी, हा चरकांचा पादांशिक क्रम मशेरीला चांगला लागू पडतो, कारण तिच्या वेळा ठरलेल्या असतात. चारपैकी दुपारची वेळ प्रथम सोडवावी. ती सोपी असते. मंजनाला पर्याय दूर शोधावा लागत नाही. कषाय दंतधावनात सुश्रुतांनी खदिर श्रेष्ठ मानला आहे, आणि आपल्याच भागातील खैर मात्र कातभट्टीतून विड्यात व गुटख्यात उतरतो! गर्भिणीच्या बाबतीत या क्रमाची वाट पाहू नये. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील अभ्यासात धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या अर्भकांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी आढळले होते. त्यांतील बहुतेक माता मशेरीच लावणाऱ्या होत्या. ज्यांना केवळ आपल्या उपायांनी जमत नाही, त्यांना १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी क्रमांक देण्यात कमीपणा नाही. दोन आठवड्यांत न भरणारा व्रण वा डाग दिसल्यास रुग्णाला विनाविलंब तज्ज्ञांकडे पाठवावे.

माझ्या रुग्णपत्रकावर आता ‘मशेरी : दिवसातून किती वेळा?’ असा स्वतंत्र रकाना आहे. त्या वृद्धेच्या पत्रकावर ‘चार’ खोडून ‘तीन’, मग ‘दोन’, मग ‘एक’ असे आकडे आहेत. सकाळची वेळ अजून सुटलेली नाही.