पोर्टलवर नसलेलं बटण

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत फिरताना पाट्या वाचायची मला खोड आहे. वर कंपनीचं नाव, खाली 'ट्रान्सफॉर्मर टँक' किंवा 'फॅब्रिकेशन वर्क' असं काहीतरी, आणि त्याखाली रंगवलेला ०२६५ चा नंबर. शेजारी मोबाइल नंबराचे स्टिकर येतात नि उडतात, रंगवलेल्या नंबराला मात्र कुणी हात लावत नाही. शेठना विचारा, उत्तर ठरलेलं असतं: जुनी पार्टी अजून त्याच नंबरावर फोन करते. शेड, लेथ आणि गिऱ्हाईक यांच्याइतकाच तो नंबरही आपल्या मालकीचा आहे, असं ते धरून चालतात. प्रत्यक्षात तो सरकारनं फोन कंपनीला वापरायला दिलेल्या नंबरांपैकी एक. आपल्याकडे असतो तो फक्त वापर.

मालकीचा हा गैरसमज आजवर फारसा कुणाला नडला नाही. आता नडेल, कारण फोन कंपन्या धंदेवाल्या ग्राहकांना एक नवी गोष्ट विकताहेत: तुमचं फोनचं सगळं जाळं तुम्हीच ऑनलाइन सांभाळा. नवी जोडणी मागा, बिल उतरवून घ्या, प्लॅन बदला, तक्रार नोंदवा, कुणाच्या ऑफिसात खेटे घालायला नकोत. गेल्या काही महिन्यांत ओळखीच्या कारखानदारांच्या खांद्यावरून मी अशी पोर्टलं न्याहाळली. माझं मत सांगून टाकतो. कारकुनीचं काम ग्राहकाकडे आलं आहे, अधिकार जिथे होता तिथेच आहे.

फोनवरचा थोडासा अधिकार ग्राहकाकडे पहिल्यांदा आला तो एका पितळी कुलपाच्या रूपानं. गोल तबकडीच्या फोनवर, एकच्या भोकात ते लागायचं आणि तबकडी फिरेनाशी व्हायची. पेढीवर कुणी परस्पर फोन लावू नये म्हणून शेठ किल्ली खिशात ठेवत. कुलूप न काढताही, हँडसेटचा हुक आकड्याइतक्या वेळा झटपट दाबला की नंबर लागतो, हे मात्र प्यूनपासून सगळ्यांना ठाऊक असायचं. नंतर एसटीडीला सांकेतिक क्रमांकाचं कुलूप आलं. घरच्याच फोनवर काही बटणं दाबून लांबचे फोन बंद-चालू करता येऊ लागले. बाकी सगळ्यासाठी अर्ज. नंबर दुसऱ्या जागी हलवायचा, जोडलाइन घ्यायची, लाइन तात्पुरती बंद ठेवायची, म्हणजे एक्स्चेंजला अर्ज आणि मग लाइनमनची वाट. यात दुष्टावा नव्हता. तुमची सेवा म्हणजे एक्स्चेंजमधल्या चौकटीवर जोडलेली खरीखुरी तार होती, आणि ती हलवायला माणूसच लागायचा.

एक्स्चेंजमध्ये संगणक शिरला आणि हे बदललं. इथे बडोद्याला थोडं मिरवायची मुभा आहे. सॅम पित्रोदा १९६४ साली आपल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठातून पदार्थविज्ञानात एम. एस्सी. होऊन अमेरिकेला गेले. तिथे डिजिटल स्विचवर काम केलं आणि परत येऊन ऑगस्ट १९८४ मध्ये उभ्या राहिलेल्या सी-डॉटचे ते शिल्पकार झाले. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, अशी त्या कामाची मुदत नि मर्यादा होती. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला सी-डॉटचं १२८ लाइनींचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज बसलं. वातानुकूलन नसलेल्या खोलीत, आपल्या उन्हाळ्यात चालावं, असं ते बेतलेलं होतं. गावोगावच्या एसटीडी-पीसीओच्या पिवळ्या पाट्या लोकांच्या लक्षात राहिल्या. त्यांच्यामागे झालेला बदल माझ्या दृष्टीनं अधिक मोठा आहे. अशा एक्स्चेंजमध्ये तुमची सेवा म्हणजे संगणकाच्या स्मृतीतली एक नोंद असते. आलेला फोन दुसरीकडे वळवायचा, परदेशचे फोन बंद करायचे, एकाच नंबरावर दहा फोन घ्यायचे, तर त्या नोंदीतला एखादा रकाना बदलायचा. तार कुणी हलवायची नाही. म्हणजे लाइनमनचं कारण तेव्हाच संपलं होतं. त्या नोंदीला हात कुणी लावायचा, एवढंच ठरायचं बाकी होतं.

अमेरिकेनं निदान टोल-फ्री नंबरांपुरतं ते १ मे १९९३ रोजी ठरवलं. त्या दिवसापासून तिथला ८०० चा नंबर एका फोन कंपनीकडून दुसरीकडे नेता येतो. सगळ्या नंबरांची नोंद एका मध्यवर्ती यादीत असते. कुठला नंबर कुणाच्या जाळ्यावरून जायचा, रात्री कुठे वाजायचा, ही नोंद बदलण्याचा हक्क नेमलेल्या जबाबदार संस्थेला असतो. ठरलेल्या अटी पुऱ्या केल्या तर मोठा ग्राहक स्वतःच अशी संस्था होऊ शकतो. फोन कंपनीला न विचारता तो आपले नंबर फिरवतो, आणि सकाळी एकीकडून दुसरीकडे नेतोही. इंटरनेट घरोघर पोचण्याच्या आधीची ही गोष्ट आहे.

आता आपल्याकडचं पोर्टल. बिल क्षणात मिळतं, पैसे भरायचं बटण प्रत्येक पानावर असतं, जादा सेवा घ्यायची तर दोन टिचक्यांत होते. पण समजा तुमच्याकडे ३० वाहिन्यांची, म्हणजे एका वेळी ३० फोन चालवणारी, पीआरआय लाइन आहे, मंदी आहे आणि तुम्हाला त्यातल्या निम्म्याच ठेवायच्या आहेत. तिथे 'विनंती' नावाचं बटण भेटतं. ते दाबलं की कुणाच्या तरी टेबलावर ईमेल जातो, तो माणूस दोन दिवसांनी फोन करतो आणि विचारतो, साहेब, काही तक्रार आहे का? वाढवायला बटण, घटवायला माणूस. सेवा बंद करायची असेल तर कंपनीच्या लेटरहेडवर पत्र, खाली सही-शिक्का.

लॉगिनचं प्रकरण तर याहून मजेशीर आहे. पोर्टल बनवणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोठी कंपनी असते, जिथे खरेदी, हिशेब आणि यंत्रणा पाहणारी वेगळी माणसं असतात. वाघोडियाच्या वीस माणसांच्या कारखान्यात हे सगळं एकच अकाउंटंट पाहतो. ओटीपी जातो तो नोंदलेल्या मोबाइलवर. तो नंबर कधी वडिलांचा असतो, कधी कंपनी सोडून हालोलला गेलेल्या मॅनेजरचा. त्यामुळे ऑनलाइन व्यवस्थापन म्हणजे व्यवहारात "काका, ओटीपी आव्यो?" असा फोन. लॉगिन एकाचं, पासवर्ड पाच जणांना ठाऊक, आणि कुणी काय बदललं याचा पत्ता नाही. बिल पाहणारा, बदल करणारा आणि मंजुरी देणारा अशी तीन वेगळी लॉगिनं देणं ही मोठी करामत नाही, बँका छोट्या चालू खात्यांनाही ती देतात. फोन कंपन्यांनी ती लहान ग्राहकालाही द्यावी.

जिथे ओझं ग्राहकावर टाकायचं होतं, तिथे मात्र सगळं झपाट्यानं ऑनलाइन झालं. व्यापारी एसएमएसचंच घ्या. दूरसंचार नियामक ट्रायच्या २०१८ च्या नियमांनंतर, माल रवाना झाल्याचा साधा निरोप पाठवायचा तरी कंपनीनं आधी डीएलटी नावाच्या नोंदणी-पोर्टलवर नाव घालायचं, निरोप ज्या नावानं जाणार ते नाव मंजूर करून घ्यायचं, मग मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायचा. साच्यात रिकाम्या जागा किती आणि त्यांत किती अक्षरं, हेही ठरलेलं. निरोप साच्याशी जुळला नाही तर तो वाटेतच गळतो. ८ मार्च २०२१ रोजी ही चाळणी पहिल्यांदा पूर्ण जोरानं लागली तेव्हा बँकांचे आणि लशीच्या नोंदणीचे ओटीपीसुद्धा अडकले, आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती सात दिवसांसाठी थांबवावी लागली. मी या नियमांच्या विरोधात नाही. हल्ली एसएमएसच्या नावामागे जाहिरातीला 'पी' आणि सेवेला 'एस' असं अक्षर दिसतं, त्याचा उपयोग होतो. माझं म्हणणं एवढंच, की साच्यातलं एकेक अक्षर जुळवणारी यंत्रणा जे उभी करू शकतात, त्यांना वाहिन्या कमी करायचं बटण जमत नाही, हे पटत नाही.

सिमकार्डांचंही तेच. घाऊक जोडण्या बंद करून सरकारनं २०२३ मध्ये 'बिझनेस कनेक्शन' आणलं. आता कंपनीची कागदपत्रं पुरत नाहीत, प्रत्यक्ष सिम वापरणाऱ्याचीही ओळख पटवावी लागते. बनावट सिमांचा सुळसुळाट पाहता हे योग्यच झालं. पण छोटे कारखानदार काय करतात? सेल्समनांची सिमं स्वतःच्या नाहीतर बायकोच्या नावावर घेतात. एका व्यक्तीच्या नावावर नऊ जोडण्यांची मर्यादा आहे आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात ती ओलांडल्यास पहिल्या वेळी ५० हजार रुपयांपर्यंत दंड आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावरच्या जोडण्या दिसतात. जरूर पाहा.

आणि सोडून जायचं असेल तर? साध्या मोबाइल ग्राहकाला १९०० वर एक एसएमएस करून पोर्टिंगचा क्रमांक मिळतो. एकाच परिमंडळात हे काम तीन कामकाजी दिवसांत व्हायला हवं. कंपनीच्या नावावरच्या नंबरांना अधिकृत सही असलेलं पत्र लागतं, एका पत्रावर १०० पर्यंत नंबर जातात, आणि मुदत पाच कामकाजी दिवसांची. ठीक आहे, वाट तरी आहे. पाटीवरच्या ०२६५ च्या नंबराला तीही नाही. मोबाइलची पोर्टेबिलिटी २० जानेवारी २०११ रोजी देशभर लागू झाली, लँडलाइन त्यातून वगळली होती. २०१८ च्या राष्ट्रीय डिजिटल दळणवळण धोरणात लँडलाइन, टोल-फ्री आणि डीआयडी (थेट एक्स्टेंशनवर वाजणाऱ्या) नंबरांची पोर्टेबिलिटी आणण्याचं लिहून ठेवलं आहे. लिहिलेलं तसंच आहे. नंबर आपल्याकडे अडकलेला आहे हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असेल, तर पोर्टल सुधारायची घाई त्याला का असावी? माझ्या मते सगळी गाठ इथे आहे. ग्राहक रात्रीत निघून जाऊ शकत असता तर ते बटणही रात्रीत आलं असतं.

एका बाबतीत मी पोर्टलवाल्यांची बाजू घेतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा तळमजल्यावरच्या ईपीएबीएक्सची, म्हणजे ऑफिसातल्या छोट्या एक्स्चेंजची, पेटी आणि खुर्च्या यांत पुरानं फरक केला नाही. ज्याचा नंबर त्या पेटीत संपतो, त्याचा फोन अशा वेळी मुका होतो. नंबर क्लाउडवर असेल आणि वळवायची सोय ग्राहकाच्या हातात असेल, तर कोरड्या घरातून, चालू असलेल्या नेटवर्कवरून, तो कुणाच्याही मोबाइलवर वळवता येतो. हे खरं व्यवस्थापन. घेताना विक्रेत्याला कागदावर हेच विचारा. वळवणं मी स्वतः करू शकेन की विनंती पाठवावी लागेल? वाहिन्या कमी करता येतील? लॉगिनं किती? करार संपल्यावर नंबराचं काय? आणि नोंदलेला मोबाइल नंबर नि अधिकृत सहीचं नाव आजच तपासून घ्या. दिवाळी ते लाभपंचम पेढी बंद असताना ते सुचतं, आणि तेव्हा पलीकडेही कुणी नसतं. वाटाघाटी करायच्याच असतील तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात करा. विक्रीचा आकडा पुरा करायचा असतो तेव्हा विक्रेत्याला नियमांच्या पुष्कळ वाटा आठवतात.