आईचे सोळा हजार मैल

ताईचं बाळंतपण न्यू जर्सीत होणार हे ठरलं, तेव्हा मी आईला शब्द देऊन बसलो. "तुझं जायचं तिकीट माझ्याकडून. आणि तेही पॉइंटवर, एक पैसा न देता." आईचा विमानप्रवास तोपर्यंत शून्य, त्यामुळे पॉइंट म्हणजे काय हे तिला समजावून सांगावं लागलं. वाण्याकडच्या उधारीच्या वहीच्या उलट असतं म्हणालो. इथे आपण उडायचं आणि आपलं येणं त्यांनी लिहून ठेवायचं. हे तिला पटलं. तिच्या नावानेही सदस्यत्व घेतलं, म्हणजे पुढेमागे दोघांचे पॉइंट एकत्र करता येतील. फॉर्ममध्ये तिची जन्मतारीख, मोबाइल आणि घरचा पत्ता, सगळं भरलं.

माझा हिशोब साधा होता. त्या वर्षी मला ऑफिसच्या कामासाठी दोनदा ऑनसाइट जायचं होतं. मुंबईहून युरोपमार्गे न्यूयॉर्कच्या बाजूला जाऊन परत यायचं म्हणजे सुमारे १६,००० मैल. दोन फेऱ्यांचे ३२,०००. क्रेडिट कार्डावर आठेक हजार साठले होतेच. एकतर्फी तिकिटाला चाळीस हजारांच्या आसपास पॉइंट लागत होते. एक्सेलमध्ये बेरीज जुळली आणि मी निर्धास्त झालो.

पहिल्या फेरीनंतर खात्यात ४,००० पॉइंट आले. दुसऱ्या फेरीनंतर शून्य.

फोन केला. पलीकडच्या मुलीने अदबीने समजावलं, की माझं सदस्यत्व त्यांच्या कंपनीचं असलं तरी मी उडालो होतो भागीदार कंपनीच्या विमानाने. त्या कंपनीच्या सवलतीच्या भाड्यांपैकी काहींना अंतराच्या २५ टक्के पॉइंट मिळतात आणि काहींना अजिबात मिळत नाहीत. "तुमच्या तिकिटावरचं अक्षर तसं होतं सर." दोन्ही वेळा तिकीट आमच्या ट्रॅव्हल डेस्कने काढलेलं, दोन्ही वेळा सीट इकॉनॉमीतली, जेवणाचा डबाही तोच. फरक फक्त एका अक्षराचा. दुसऱ्या फेरीला त्याच विमानात पुढे बिझनेस क्लासमध्ये आमचे मॅनेजर होते. त्यांच्या अक्षराला १५० टक्के होते. म्हणजे एकाच ऑफिसच्या पैशाने, एकाच विमानातून एकत्र जाऊन-येऊन त्यांना २४,००० मिळाले आणि मला भोपळा.

मी हे रडगाणं म्हणून सांगत नाहीये. माझी नोकरी चांगली आहे, आईचं तिकीट मी काढलंच. माझा आक्षेप वेगळा आहे. या व्यवस्थेला 'निष्ठेचं बक्षीस' म्हणतात, आणि ती निष्ठेचं बक्षीस नाही. ती असती तर तिचे नियम असे लपवावे लागले नसते.

अक्षराची गोष्ट

प्रत्येक विमान तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं. त्याला बुकिंग क्लास म्हणतात. साधारणपणे 'वाय' म्हणजे पूर्ण भाड्याची इकॉनॉमी, 'जे' म्हणजे पूर्ण भाड्याचा बिझनेस. त्यांच्या खाली सवलतीच्या भाड्यांची उतरंड असते आणि ती अक्षरं प्रत्येक कंपनीची वेगळी. एकाच रांगेत शेजारी बसलेल्या तिघांची तीन अक्षरं असू शकतात. कोणी किती आधी तिकीट काढलं, रद्द करायची मुभा घेतली का, त्या दिवशी कुठलं अक्षर शिल्लक होतं, यावर ते ठरतं.

१९८१ साली अमेरिकन एअरलाइन्सने 'एअॅडव्हांटेज' सुरू केलं तेव्हा प्रकरण सरळ होतं. जितके मैल उडाल, तितके मैल जमा. १९९७ साली 'स्टार अलायन्स' आली, मग 'वनवर्ल्ड' आणि 'स्कायटीम' आल्या. सदस्यत्व एकाचं, विमान दुसऱ्याचं, पॉइंट मात्र आपल्या खात्यात, ही सोय झाली. एअर इंडिया २०१४ साली स्टार अलायन्समध्ये गेली, तेव्हा आपल्याकडच्या प्रवाशांनाही ही सोय मिळाली.

पण ही सोय फुकट चालत नाही. तुम्ही भागीदाराच्या विमानाने उडता आणि पॉइंट आपल्या कंपनीत घेता, तेव्हा त्या पॉइंटचे पैसे भागीदार तुमच्या कंपनीला मोजतो. स्वस्त तिकिटावर त्याला आधीच कमी सुटतात, म्हणून तो म्हणतो, या अक्षराचे २५ टक्केच देईन, त्या अक्षराचं काहीच नाही. अशी प्रत्येक जोडीची वेगळी तक्ती तयार होते. एकाच तिकिटाचे एका कंपनीच्या खात्यात शून्य आणि दुसऱ्या कंपनीच्या खात्यात ५० टक्के पॉइंट मिळू शकतात. प्रवासी तोच, खुर्ची तीच, मैलही तेच.

कोडशेअर असेल तर आणखी मजा. तिकिटावर फ्लाइट नंबर एका कंपनीचा, विमान दुसरीचं. पॉइंट कुठल्या कंपनीच्या तक्तीने मोजायचे हे योजनेगणिक बदलतं, आणि तुमच्या तिकिटावरचं अक्षर विमान चालवणाऱ्या कंपनीकडे भलत्याच अक्षरात बदललेलं असू शकतं.

'गुंतागुंतीचं आहे हो'

हे सगळं ऐकवल्यावर मिळणारं ठरलेलं उत्तर म्हणजे, विषयच गुंतागुंतीचा आहे, प्रत्येक तिकिटाला कसं सांगणार? इथे मला माझ्या पोटापाण्याच्या धंद्यावरून बोलायचा अधिकार आहे असं वाटतं.

ती तक्ती म्हणजे डेटाबेसमधलं एक टेबल आहे. विमान कंपनी, बुकिंग क्लास, टक्केवारी, कधीपासून आणि कधीपर्यंत लागू, असे चारपाच कॉलम. दोन विमानतळांमधलं अंतर दुसऱ्या टेबलात. तिकीट विकताना अक्षर सिस्टीमला माहीत असतंच, त्याशिवाय भाडंच काढता येत नाही. या दोन टेबलांतून 'तुम्हाला या तिकिटावर ० पॉइंट मिळतील' हे वाक्य पडद्यावर आणणं हे आमच्याकडे कॉलेजातून नुकत्याच आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात देतात तेवढं काम आहे. प्रवास झाल्यावर शून्य जमा करताना हीच क्वेरी बिनचूक चालते. मग प्रवासाआधी ती चालवायला काय होतं?

तांत्रिक अडचण काहीही नाही. न सांगणं हा निर्णय आहे. तिकीट घेताना 'सदस्य क्रमांक टाका आणि पॉइंट मिळवा' ही चौकट ठळक दिसते. शून्य मात्र अटींच्या पानावर, तक्त्यात, सतराव्या ओळीत. भारतात ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांत ग्राहकाला चकवणाऱ्या १३ प्रकारांची यादी आहे. पॉइंटचं आमिष दाखवून शून्य दडवणं त्यात कायद्याच्या भाषेत नेमकं कुठे बसतं ते वकील सांगतील. माझ्या भाषेत त्याला फसवणूक म्हणतात.

स्वस्तात गेलात, मग तक्रार कसली?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्वस्त तिकीट घ्यायचं आणि वर बक्षीसही मागायचं, हे कसं? धंदा करणाऱ्याने जास्त पैसे देणाऱ्याला जास्त द्यावं, यात गैर काय?

काहीच नाही. मला हे मान्य आहे. पण मग तसं सांगा. डेल्टा आणि युनायटेडने २०१५ साली, अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ साली आपल्या तिकिटांचे पॉइंट मैलांऐवजी पैशावर मोजायला सुरुवात केली. त्यावर खूप ओरड झाली, पण निदान तो व्यवहार उघड होता, इतके डॉलर दिले की इतके पॉइंट. भागीदारांच्या तिकिटांवर मात्र मैल आणि टक्केवारीचाच हिशोब बऱ्याच ठिकाणी राहिला. म्हणजे नाव मैलांचं आणि मोजणी अक्षराची. किमतीवरच पॉइंट द्यायचे असतील तर स्वस्त तिकिटालाही त्याच्या किमतीइतके थोडे मिळायला हवेत. पन्नास-साठ हजारांचं तिकीट म्हणजे शून्य रुपये नव्हे.

आणि स्वस्त अक्षरावर कोण बसतं हेही पाहू. रत्नागिरीहून आखातात कामाला जाणारा फिटर. लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई. शिक्षणाचं कर्ज काढून निघालेला विद्यार्थी. हे सगळे स्वतःच्या खिशातून पैसे भरतात. भरघोस टक्केवारीच्या अक्षरांवर बसणाऱ्यांपैकी अनेकांचं तिकीट मात्र त्यांची कंपनी भरते. म्हणजे पैसे मालकाचे आणि पॉइंट नोकराचे. खरेदी करणाऱ्याच्या पैशावर खरेदी ठरवणाऱ्याला खासगीत काहीतरी द्यायचं, याला इतर कुठल्याही धंद्यात काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे.

हे काही माझ्याच डोक्यातलं खूळ नाही. २००२ साली जर्मनीत, सरकारी दौऱ्यांचे मैल खासगी प्रवासाला वापरल्याचं उघड झाल्यावर ग्रेगोर गिझी यांनी बर्लिनचं मंत्रिपद सोडलं. आपल्याकडेही सरकारी प्रवासाचे पॉइंट सरकारी कामासाठीच वापरायचे असा नियम आहे. खासगी क्षेत्रात मात्र आपण त्याला 'पर्क' म्हणतो आणि लाउंजमधला फोटो टाकतो. मीही टाकला असता. माझं अक्षर आड आलं, एवढंच.

त्यांची नोट, त्यांचाच छापखाना

हे पॉइंट किरकोळ आहेत असं वाटत असेल तर २०२० आठवा. विमानं जमिनीवर उभी होती, उत्पन्न आटलं होतं. तेव्हा युनायटेडने आपली 'मायलेजप्लस' योजना तारण ठेवून ६.८ अब्ज डॉलर उभे केले. त्या वेळी कंपनीने योजनेची किंमत सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितली होती. पुढच्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सने 'एअॅडव्हांटेज' तारण ठेवून १० अब्ज उभे केले. विमानं उडत नसताना पॉइंट मात्र चालू होते, कारण ते बँकांना विकले जातात आणि बँका ते कार्डावर वाटतात.

म्हणजे हे चलन आहे. छापणारा तोच, त्याने काय विकत मिळेल हे ठरवणाराही तोच. डेल्टाने २०१५ साली आणि युनायटेडने २०१९ साली किती पॉइंटला कुठलं तिकीट याचा तक्ताच प्रसिद्ध करणं थांबवलं. आता त्या दिवशी जो आकडा दिसेल तो भाव. रिझर्व्ह बँकेने उद्या सांगितलं की शंभराच्या नोटेत काय येईल ते दुकानात गेल्यावर कळेल, तर आपण रस्त्यावर येऊ. इथे आपण रात्री बारा वाजता साइट उघडून भाव उतरलाय का ते पाहतो.

तक्रार करायची तर तेही जपून. अमेरिकेत नॉर्थवेस्ट एअरलाइन्सने गिन्सबर्ग नावाच्या एका धर्मगुरूचं सदस्यत्व रद्द केलं. ते फार तक्रारी करतात असं कंपनीचं म्हणणं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २०१४ साली न्यायालयाने एकमताने सांगितलं, की विमान कंपन्यांवरचं भाडेनियंत्रण उठवणारा १९७८ चा कायदा असताना, सद्भावनेने वागण्याच्या गृहीत कर्तव्याचा त्यांचा दावा टिकत नाही. म्हणजे निष्ठा प्रवाशाने दाखवायची आणि सद्भावनेचं बंधन मात्र कंपनीवर नाही. दहा वर्षांनी, सप्टेंबर २०२४ मध्ये, अमेरिकेच्या वाहतूक खात्याने चार मोठ्या कंपन्यांच्या योजनांची चौकशी सुरू केली. आपल्याकडे अजून कोणाला हा प्रश्नच वाटत नाही.

माझी मागणी मोठी नाही. सदस्य क्रमांक टाकल्यावर पैसे भरण्याआधी, भाड्याच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरांत पॉइंटचा आकडा दाखवा. शून्य असेल तर शून्य दाखवा. तिकीट घेतलं त्या दिवशीची टक्केवारीच प्रवासानंतर लागू करा. आणि जमा झालेल्या पॉइंटचा भाव बदलणार असाल तर काही महिने आधी सांगा. यातल्या एकाही गोष्टीने कुठली विमान कंपनी बुडणार नाही. हे होईपर्यंत तुम्ही एवढं करा, तिकिटावरचं अक्षर आणि विमान नक्की कोण चालवतंय हे आधी बघा, आणि तक्ती उघडून पाहा. तुमच्या दिशेने ते कोणीही आपणहून आणणार नाही.

आईचं तिकीट काढताना मी तक्ती आधीच पाहिली. सगळ्यात स्वस्त अक्षराला शून्य होतं. पॉइंट मिळणारं पुढचं अक्षर अठरा हजारांनी महाग होतं. मी शून्याचं घेतलं. आई एकटी गेली. विमान बदलताना काय करायचं हे मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद तिने हातात धरला होता. तीन महिने राहिली, नातीला न्हाऊमाखू घातलं आणि परत आली. जाऊन-येऊन १६,००० मैल.

परत आल्यावर तिने विचारलं, "माझे किती जमले रे?" मी शून्य म्हणालो, आणि का तेही सांगितलं. अक्षर, भागीदार, टक्केवारी. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं," ती म्हणाली. "पण द्यायचंच नव्हतं, तर माझी जन्मतारीख कशाला विचारली?"

तेव्हापासून दर वाढदिवसाला तिच्या फोनवर त्या कंपनीचा शुभेच्छांचा मेसेज येतो. बिनचूक, सकाळी नऊ वाजता. ते टेबल त्यांचं अगदी व्यवस्थित आहे.