देवाच्या मेंढ्या

आमच्या इतिहासाच्या पुस्तकात मध्ययुगीन चर्च येते ते पोप, राजे आणि मठांच्या जमिनी यांच्यापुरते. खेड्यातला माणूस त्या चर्चचे काय करीत होता, हा प्रश्न परीक्षेत कोणी विचारीत नाही. मला तो पडला मेंढ्यांमुळे.

इमन डफी या इतिहासकाराचे ‘द व्हॉइसेस ऑफ मोरबाथ’ (२००१) हे पुस्तक महिनाभर शब्दकोश उघडा ठेवून वाचले. मोरबाथ हे इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातले, एक्समूरच्या माळाकडेचे ३३ घरांचे गाव. तिथले पाद्री ख्रिस्तोफर ट्रिके १५२० ते १५७४ पर्यंत त्याच चर्चमध्ये राहिले आणि गावाचे हिशेब स्वतःच्या हाताने लिहीत गेले. चर्चच्या मालकीच्या मेंढ्या होत्या. पण त्या घरोघर वाटलेल्या. ज्याने त्याने आपल्या कळपात सांभाळायच्या, लोकरीचा पैसा देवापुढच्या मेणबत्त्यांना.

आमच्या घरी मेंढ्या आहेत. वडिलांना सही येत नाही, पण अर्धलीची मेंढी कोणाची हे तोंडपाठ. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “मेली तर कुणाच्या घरी मेली, ते लिवलंय का?” लिहिलेले होते!

गावातल्या तरुणांचा निधी वेगळा, मुलींचा वेगळा. प्रत्येकाचे कारभारी निवडलेले. दिवस ठरवून चर्चच्या घरात बिअर विकायची आणि खर्च भागवायचा. हिशेब सर्वांपुढे वाचला जाई. कारभारीपण बायकांकडेही येई. हे वाक्य मी दोनदा वाचले. आमच्या गावच्या देवळाची वही मी कधी पाहिलेली नाही. वर्गणी मात्र आई दरवर्षी देते.

म्हणून ‘मध्ययुगीन चर्च म्हणजे अंधश्रद्धा आणि लूट’ असे उत्तर लिहिताना माझा हात कचरतो. जाच नव्हता असे नाही. उत्पन्नाचा दहावा हिस्सा द्यावाच लागे, आणि चर्चच्या सेवकाच्या पगारावरून मोरबाथमध्ये चांगली भांडणे झाली. पण भांडायला जागा होती.

१५४७ साली सहावा एडवर्ड गादीवर आला आणि लंडनहून हुकूम सुटले. मूर्ती गेल्या, मेणबत्त्या विझल्या, बिअरचे दिवस बंद झाले, मेंढ्या विकल्या गेल्या. मुलींचा निधी संपला तसे त्यांचे कारभारीपणही संपले. १५४९ मध्ये नवे प्रार्थनापुस्तक लादले गेले तेव्हा या चिमुकल्या गावाने स्वतःच्या खर्चाने पाच तरुण एक्सेटरजवळच्या बंडखोरांच्या छावणीत पाठवले. बंड चिरडले गेले. पाद्रीबुवा मात्र तिथेच राहिले, नव्या पुस्तकातून प्रार्थना म्हणत.

पुस्तकात हे सगळे ‘धर्मसुधारणा’ या एका शब्दात बसवले आहे. सरांना माझी विनंती आहे की, तिचे परिणाम सांगताना विकलेल्या मेंढ्याही मोजाव्यात.

येत्या यात्रेला देवळाची वही वाचून दाखवा, असे मी गावात म्हणणार आहे. आईला सांगितले, तिने अजून होकार दिलेला नाही.